आळसाची रक्ततपासणी

टोमॅटोची रोपं वाया गेली तेव्हा घरात पहिल्यांदा शेड दुसऱ्याला देण्याची भाषा झाली.

सांगवीत आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. जमीन सासरची, विहीर सगळ्यांची, पण शेडनेटच्या आतला कारभार माझा. ट्रेमध्ये नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरायचं, एकेका खळग्यात एकेक बी टोबायचं, ट्रे एकावर एक रचून वर काळा कागद घालायचा आणि बी फुटलं की लगेच ट्रे उजेडात पसरायचे. या 'लगेच'वर सगळा धंदा उभा आहे. उशीर झाला की रोप अंधारात नुसतं उंच होतं, बारीक आणि पांढरं पडतं, आणि तसलं रोप शेतकरी फुकटही नेत नाही. लोणी भापकरची माणसं मधल्या नर्सऱ्या सोडून माझ्याकडे येतात ती मी वेळ चुकवत नाही म्हणून. ही बढाई आहे, पण खरी आहे.

त्या खेपेला मी वेळ चुकवली. सकाळी कागद उचलून बघायला गेले, कोकोपीटच्या पोत्यावर जरा टेकले आणि तिथंच झोपले. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंग इतकं जड झालं होतं की कागद उद्या उचलू असं म्हणून घरी गेले. दुसऱ्या दिवशी उचलला तर आत सगळी पांढरी दोऱ्याएवढी रोपं एकमेकांवर पडलेली. ती मी उकिरड्यावर टाकून आले.

नवरा ओरडणारा माणूस नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "हा हंगाम बघू. न्हाय झेपलं तर शेड चालवायला दिऊ कुणालातरी. तुझी बी वढाताण नको." काळजीनं बोलला म्हणून जास्त झोंबलं. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अंगच जड हाय तिचं. आईवर गेलीया. खाण तशी माती."

हे आईवर जाणं काय ते सांगायला हवं. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं अंथुर्णे. आई तिथं माझ्या भावाकडे असते. माझ्या लहानपणच्या आठवणीत ती बहुतेक वेळा बसलेलीच आहे. बाकीच्या बायकांच्या दोन सऱ्या खुरपून व्हायच्या तेव्हा आईची एक निम्मी झालेली असायची. गहू निवडताना तिची मान कलायची. उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. वडील चारचौघांत म्हणायचे, "आमच्या हितं काय, दिवस उगवतच न्हाय." लोक हसायचे आणि आईही हसायची. गावात एखादी सून उशिरा उठली की तिची सासू आईचं नाव घेऊन टोमणा मारायची. वडील आता नाहीत, आणि ते काही वाईट नव्हते, पण त्यांनी आईला जे नाव पाडलं ते तिच्या कपाळी चिकटलं.

तेव्हा शेड जाण्याचं दुःख होतंच. पण त्याच्या आत दुसरी भीती होती. आईबद्दल म्हणतात ते खरं असेल, ती जात्याच आळशी असेल, आणि मी तिचीच लेक असेन तर? आजारी असेन तर त्याला इलाज होता. आळशी असेन तर मग काय, शेड काढून टाका आणि मला स्वेटर आणून द्या.

थकवा हा शब्द मला कधी पुरा वाटला नाही. थकलेला माणूस झोपतो आणि उठल्यावर ताजा होतो. मी रात्रभर गाढ झोपायचे आणि उठताना अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. गच्चीचा जिना चढताना मध्ये थांबायचे. केस फणीत कमी आणि उशीवर जास्त सापडायचे. खाणं घटलं तरी ब्लाउज उसवून घ्यावे लागले. पोट साफ होईना, सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसायचं, हात खरखरीत झाले. हे सगळं एकदम नव्हे, एकामागून एक आलं, त्यामुळं या सगळ्या एकाच आजाराच्या खुणा असतील असं डोक्यात आलं नाही. प्रत्येकाला घरात वेगळं कारण ठरलेलं होतं. केसांना बोअरचं पाणी, वजनाला वय, हातांना कोकोपीट आणि झोपेला आई.

मग गावातल्या मंदिराच्या सभामंडपात बायकांसाठी रक्ततपासणीचं शिबिर झालं. सासूबाईंनीच मला नेलं. त्यांना वाटत होतं अंगात रक्त कमी असेल, खजूर सुरू करता येईल. दंडातनं रक्त काढलं, नळीवर नाव चिकटवलं आणि चार दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर आला.

आमच्या घरात कसलाही रिपोर्ट आला की तो आधी सासऱ्यांकडे जातो. त्यांना सगळं घर तात्या म्हणतं, मीही. मातीचा रिपोर्ट, विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट, डाळिंबाच्या पानाचा रिपोर्ट, सगळे तात्या वाचतात. आमच्या भागात माती तपासल्याशिवाय चांगला शेतकरी खताची गोणी फोडत नाही, आणि त्यात तात्यांचा हात धरणारा कोणी नाही. शेजारपाजारचे लोकही आपापले कागद घेऊन त्यांच्याकडे येतात. मातीच्या रिपोर्टात प्रत्येक घटकापुढं आकडा असतो आणि त्यापुढं कमी, मध्यम, जास्त असं लिहिलेलं असतं. जे कमी ते घालायचं, जे जास्त ते बंद करायचं.

तात्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला आणि माझं रक्त मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रक्त थोडं कमी. साखर बरोबर. मग थायरॉईडचे तीन आकडे आले. टी-थ्री बरोबर. टी-फोर कमी. टीएसएच जास्त, आणि जास्त म्हणजे बाजूला छापलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढं. तात्यांनी चष्मा काढून पुसला. एखाद्या रानाचा रोग सापडला की ते असंच करतात.

"बघ," ते मला म्हणाले, "आपल्या वरच्या रानात चुनखडी हाय. रानात लोह असतंय, पर चुना त्येला पिकाला लागू दीत न्हाय. मग पीक पिवळं पडतंय. तसंच हाय हे. ह्यो टीएसएच जास्त झालाय, त्यानं टी-फोर दाबलाय. जास्तीचं खाली आणलं की कमीचं आपसूक वर येतंय."

आता कोणाला हसू येईल, पण मला ते पुरतं पटलं. इतकं मुद्देसूद बोलणं मी माझ्या आजाराबद्दल कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शिवाय तात्या जे सांगतात ते वरच्या रानात खरं ठरलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मनातल्या मनात मी खूश झाले होते. काहीतरी जास्त आहे, म्हणजे मी आळशी नाही.

मग जास्तीचं खाली कसं आणायचं याचा विचार झाला. थायरॉईडला आयोडीन लागतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, शाळेत शिकवतात. आयोडीन मिठातनं येतं. म्हणजे मीठ हे थायरॉईडचं खत, आणि खत बंद. दुकानातलं पुड्याचं मीठ गेलं आणि गुरांना घालतो त्यातलं खडे मीठ स्वयंपाकघरात आलं. मी रोपांवर समुद्राच्या शेवाळाचं टॉनिक फवारत असे, तेही तात्यांनी बंद केलं, कारण त्यात आयोडीन असणार आणि ते नाकातनं आत जात असणार. सासूबाईंनी कोठून तरी ऐकून कोबी वाढवला. रोज कोबी. डॉक्टरकडे जायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण निदान झालं होतं आणि उपायही चालू होता. माती तपासल्यावर कोणी परत डॉक्टर बोलावतं का?

दोन महिने असे गेले. कोबीनं पोट आणखी बिघडलं आणि बाकी सगळं होतं त्याच्या खाली गेलं. उन्हाळी मिरचीच्या रोपांच्या मागण्या यायला लागल्या होत्या. मी ट्रे भरत होते, पण आठ ट्रे भरले की बसायचे. नवऱ्यानं दोन मजूर बायका लावून दिल्या. एके दिवशी त्याच्या ओळखीचा एक माणूस शेड बघायला आला. पाइप हलवून बघितले, नेट कुठं फाटलंय ते बघितलं, पाण्याची लाइन कुठनं येते विचारलं. मी पोत्यावर बसल्या बसल्या त्याला सगळं नीट सांगितलं, चहा पाठवला, आणि तो गेल्यावर तिथंच आडवी झाले. माझं शेड बघायला परका माणूस आला आणि मला काहीच वाटलं नाही, याची मला संध्याकाळी भीती वाटली.

डॉक्टरकडे नेलं ते माझ्या आवाजानं. आवाज हळूहळू जाड होत गेला होता, रोज ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. एकदा लोणी भापकरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. तो वर्षानुवर्षं माझ्याकडनं रोपं नेतो. मी बोलायला लागले तसा म्हणाला, "दादा, जरा ताईंना द्या की फोन. मिरचीचं इचारायचं हाय." मी म्हटलं मीच बोलतेय. तो म्हणाला, "चेष्टा नका करू, द्या त्यांना." फोन स्पीकरवर होता. नवऱ्यानं ऐकलं, आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "उद्या बारामतीला जाऊ."

तात्याही बरोबर आले. रिपोर्ट आपणच समजावून सांगायला हवा असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरबाई मध्यमवयाच्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला, गळा चाचपला, घोट्याच्या मागं रबरी हातोडी मारून हललेला पाय किती वेळानं जागेवर येतो ते पाहिलं. मग रिपोर्ट पाहिला.

"हा दोन महिन्यांपूर्वीचा आहे. औषध कोणतं चालू आहे?"

"मीठ बदललं," तात्या म्हणाले, आणि त्यांनी चुनखडीपासून सगळं सांगितलं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाचलंत बरोबर. फक्त टीएसएच म्हणजे थायरॉईड नव्हे. तो वरून येणारा हुकूम आहे. मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी असते, ती गळ्यातल्या थायरॉईडला सांगते, काम कर. थायरॉईडनं काम केलं की टी-फोर तयार होतं आणि ते सगळ्या अंगाला चालवतं. ह्यांच्या गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली आहे, म्हणून टी-फोर कमी. आणि ती ऐकत नाही म्हणून हुकूम वाढत चाललाय. टीएसएच जास्त असणं म्हणजे थायरॉईड कमी असणं."

मला एकदम आमची विहीर दिसली. विहिरीवरच्या मोटरीला मोबाइलचा स्टार्टर आहे. घरून फोन लावला की मोटर चालू होते. कधी ती चालू होत नाही. मग नवरा परत लावतो, पुन्हा लावतो, शिव्या देत लावतो. त्या दिवशी मोबाइलमध्ये फोनच फोन दिसतात आणि रानात थेंब नसतो. मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं.

"अगदी असंच," त्या म्हणाल्या. "यांनी फोन मोजले आणि पाणी जास्त झालं असं धरलं."

तात्यांनी चष्मा लावून मोबाइलवरचे तिन्ही आकडे परत वाचले. मग म्हणाले, "मंजी मोटर बंद हुती, आणि मी तिची लाइट बी तोडली."

डॉक्टरबाईंनी त्यांना धीर दिला. आजार मिठामुळं झालेला नाही, म्हणाल्या, मीठ बदलून तो बराही झाला नसता, तुमचं नेहमीचं मीठ परत आणा आणि कोबीचा नाद सोडा. पुन्हा रक्त घेतलं, त्यात आणखी एक तपासणी सांगितली. हुकूम आणखी वाढला होता आणि टी-फोर आणखी उतरलं होतं. नव्या तपासणीत दिसलं की माझं शरीरच माझ्या त्या ग्रंथीला परकं समजून पोखरतंय. असं का होतं ते विचारलं तर म्हणाल्या की नक्की सांगता येत नाही, पण बऱ्याचदा घराण्यात असतं.

"आईला आहे का थायरॉईड?"

मी नाही म्हणणार होते. मग म्हटलं, "आईचं रक्त कधी तपासलंच नाही."

"झोप फार येते का त्यांना? थंडी वाजते?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. खुर्चीत बसून मी हमसून हमसून रडले आणि नवरा गोंधळून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. त्याला वाटलं मी स्वतःच्या आजाराला घाबरले.

गोळी सुरू झाली. बोटाच्या पेरावर मावेल एवढी लहान. सकाळी उठल्या उठल्या, पोटात काही नसताना, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यायचा नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. बाकी सगळं सोपं होतं, चहाचं अवघड गेलं. आमच्या घरात दिवस चहानं उघडतो, आणि पहिला चहा तात्या आणि मी पितो. एकट्यानं प्यायची त्यांना सवय नाही, त्यामुळं माझ्या गोळीपायी त्यांचाही चहा उशिरा व्हायला लागला. ते ओसरीवर घड्याळाकडे बघत बसायचे आणि मध्येच विचारायचे, "पचली का गं?"

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी परत रक्त तपासायचा आग्रह धरला. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं की दीड-दोन महिने थांबा, आकडा लगेच हलत नाही. खत टाकून आठ दिवसांत कोणी माती तपासतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तात्यांनी तो विषय सोडला.

बरं वाटणं हळूहळू आलं. आधी पोट सुधारलं. मग एकदा दुपारी लक्षात आलं की मी जेवून झोपले नाही. मिरचीचे ट्रे मी वेळेवर उघडले, सगळेच्या सगळे, एका सकाळी, आणि दोन्ही मजूर बायकांना म्हटलं, तुम्ही फक्त उचलून द्या, पसरते मी. तो शेड बघून गेलेला माणूस पुन्हा आला तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं की शेड द्यायचं नाही. नवरा मागं उभा होता. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, हुकूम अर्ध्याच्या खाली उतरला होता. डॉक्टरबाईंनी गोळीची ताकद थोडी वाढवली. शेड माझं राहिलं, पण आईचं तसंच होतं.

अंथुर्ण्याला गेले आणि आईला म्हटलं, बारामतीला चल, रक्त तपासू. आई भिंतीला टेकून बसली होती, अंगात तोच स्वेटर. म्हणाली, "आता म्हातारपणी काय आळस तपासायचा?"

"आळस नसेल तो."

"मग काय हाय? सगळं गाव खोटं बोलतंय व्हय?"

भाऊ म्हणाला, "अगं ती पहिल्यापासनं तशीच हाय. तिला काय दुखतंय खुपतंय असं न्हाय. कशाला सुया टोचायच्या?" वाईट मनानं म्हणाला नाही. आपल्या आईला पन्नास वेळा बसलेलं पाहिलं की बसणं हाच तिचा स्वभाव वाटायला लागतो. मला मात्र राग आला. मी त्याला माझे दोन्ही रिपोर्ट दाखवले, आधीचा आणि नंतरचा, आणि मोटरीची गोष्ट सांगितली. त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढली.

आईचा रिपोर्ट डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला. टीएसएच इतका वर होता की मशीननं नेमका आकडाच दिला नव्हता, अमक्याहून जास्त एवढंच छापलं होतं. टी-फोर जवळजवळ नव्हतंच. त्यांनी आईला विचारलं, हे असं कधीपासनं होतं.

आईनं माझ्याकडे बोट केलं. "हिच्या येळंपासनं. हिच्या बाळंतपणातनं उठलेच न्हाय म्हना. आधी मी लई चपळ हुते. लोकांना खरं न्हाय वाटायचं, पर हुते."

बाळंतपणानंतर अशी सुरुवात होते बऱ्याच बायकांत, डॉक्टरबाई म्हणाल्या. आधी थोडं असेल, मग वर्षानुवर्षं वाढत गेलं असेल. त्या वेळी साधं रक्त तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. हे त्या सहज बोलून गेल्या आणि आईकडे बघून थांबल्या. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग हृदयाची पट्टी काढली, कारण या वयात गोळी एकदम मोठी देत नाहीत, हृदयावर ताण येतो. अगदी लहान गोळीपासून सुरुवात झाली आणि दर खेपेला रक्त बघून ती वाढत गेली. भाऊ दर खेपेला घेऊन यायचा. आता रिपोर्ट तोच वाचतो.

आईचं बरं होणं मी फोनवर ऐकलं. आधी तिचा आवाज बदलला. मला वाटायचं आईचा आवाज घोगराच आहे, जन्मापासून मी तोच ऐकला होता. एके दिवशी फोन लागला आणि पलीकडनं एक बारीक, स्पष्ट आवाज आला. मी वहिनी समजून बोलायला लागले. मग कळलं. माझ्या आईचा खरा आवाज मी चाळिशीला आल्यावर ऐकला, याचं काय करावं ते मला समजेना.

परवाच्या उन्हाळ्यात चार दिवस माहेरी गेले होते. सकाळी अंगणात आले तर आई उभी होती. स्वेटर नव्हता. घराच्या कडेला तिनं कोथिंबिरीचा वाफा केला होता आणि त्यातलं तण काढून झालं होतं. खुरपं हातात होतं, अंगावर घाम होता. मी चहा घेऊन गेले. गोळी कधी घेतली विचारलं. "मघाशीच," म्हणाली, "चहा चालतोय आता." आम्ही दोघी पायरीवर बसलो. उसाच्या कडेनं शेजारच्या बायका खुरपायला चालल्या होत्या. त्यांतल्या एकीनं हाक मारून म्हटलं, "आज दिवस लवकर उगवला वाटतं तुमच्याकडं."

वडिलांचंच जुनं बोलणं ते, गावात अजून चालतं. आई नेहमी अशा वेळी हसायची. या वेळी हसली नाही. बायका पुढं गेल्या तरी त्यांच्याकडं बघत राहिली.

"बरं वाटायला लागल्यापासनं मला राग यायला लागलाय," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"समद्यांचाच. तुझ्या बापाचा. माझ्या सासूचा. ह्या बायांचा." मग म्हणाली, "तुझा बाप आता हितं पायजे हुता. त्येच्याशी भांडायचं हुतं मला."

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही भांडलीस? किती बोलायचे तुला सगळे. तू नुसती हसायचीस."

आईनं कप खाली ठेवला.

"भांडायला बी अंगात जीव लागतो, बाई. हसाय काय लागत न्हाय."